नळाला खराब पाणी येतंय? दोष शोधताना या चुका टाळा

जमिनीतून उकरून काढलेल्या जुन्या बिडाच्या पाइपाचा तुकडा एकदा हातात घेऊन बघावा. बाहेरून सहा इंची, पण आत धड मूठ शिरत नाही. आतून सगळीकडे तपकिरी गाठी, एकीवर एक चढलेल्या. त्यातली एखादी स्क्रू ड्रायव्हरने टोचली की वरचा टणक पापुद्रा फुटतो आणि खालून काळा, लिबलिबीत गाळ बाहेर येतो. या पाइपातून कालपर्यंत लोक पाणी पीत होते, आणि त्या पाण्याचे शुद्धीकरण केंद्रातले सगळे अहवाल उत्तम होते.

अहवाल खोटे नव्हते. केंद्राच्या दारात पाणी खरंच चांगलं असतं. तिथून नळापर्यंत कित्येक किलोमीटर पाइप, शेकडो सांधे, व्हॉल्व्हची चेंबरं, टाक्या आणि शेवटी इमारतीची स्वतःची, कुणीच न तपासलेली लाइन. तक्रार आली की सगळे विचारतात, ‘पाणी चांगलं आहे की वाईट?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं, पण त्यातून दोष सापडत नाही. पाणी कुठे बिघडतं आणि कोणत्या वेळेला, हे विचारलं तर सापडतो. पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

चुकीच्या वेळी नमुना घेणं

एका इमारतीत काविळीचे रुग्ण निघाले. आम्ही तीनदा पाणी तपासलं. तिन्ही वेळा क्लोरीन व्यवस्थित, पाणी नितळ. चौथ्या खेपेला पाणी सुटायच्या आधीच नळाशी जाऊन बसलो आणि पहिली बादली धरली. क्लोरीन शून्य, आणि वास असा की तपासायची गरजच नव्हती. दहा मिनिटांनी त्याच नळाला पुन्हा नितळ पाणी. खोदल्यावर दिसलं की इमारतीची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाची जोडणी गटारातून आडवी गेलेली होती आणि गंजून तिला खिळ्याच्या टोकाएवढं भोक पडलं होतं.

त्यात गूढ काही नाही. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे भोकातून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, दाब उतरतो आणि गटारातलं पाणी त्याच भोकातून आत झिरपतं. पुन्हा पाणी सुटलं की आत साचलेलं सगळ्यात आधी नळाला येतं. म्हणून जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे पहिल्या काही मिनिटांचं पाणी पिण्यासाठी भरू नये. ते धुण्याला, फरशीला वापरावं. आणि तपासायला माणूस बोलवाल तेव्हा पाणी सुटायच्या वेळेलाच बोलवा. दुपारी कोरड्या नळाकडे बघून कुणालाच काही कळत नाही.

चोवीस तास पुरवठा असला तरी हा धोका पूर्ण टळत नाही. पंप अचानक बंद पडला, मोठी लाइन फुटली किंवा आगीच्या बंबासाठी एकदम भरपूर पाणी ओढलं गेलं, तर तेवढ्यापुरता दाब उणा होऊ शकतो.

मुख्य लाइनवर थेट पंप लावणं

दाब कमी म्हणून नळजोडणीलाच मोटार लावायची, ही सवय मला सगळ्यात घातक वाटते. मोटार पाणी ओढते म्हणजे पाइपात पोकळी तयार करते. पाइपाला जिथे बारीक भोक असेल तिथून आजूबाजूचं पाणी आत खेचलं जातं, तेही पुरवठा चालू असताना. शिवाय मोटार लावणारा पाणी सुटण्याआधीच बटण दाबून बसलेला असतो, त्यामुळे पहिलं, सगळ्यात घाण पाणी थेट त्याच्या टाकीत जातं आणि पुढे दिवसभर घरभर फिरतं. शेजाऱ्याचं पाणी पळवल्याबद्दल भांडणं होतात, ती वेगळीच. पाणी आधी स्वतःच्या दाबाने जमिनीतल्या टाकीत पडू द्यावं आणि मोटार त्या टाकीवर लावावी.

डोळ्यांवर आणि टीडीएस मीटरवर भरवसा

काचेच्या ग्लासात पाणी दुधाळ दिसलं की लोक घाबरतात. ग्लास ओट्यावर ठेवून मिनिटभर बघत राहा. तळाकडून वर असं हळूहळू नितळ होत गेलं, तर ती नुसती हवा. बारीक बुडबुडे वर जाऊन फुटतात. उलट वरून निवळत जाऊन तळाशी काही बसलं, तर तो गाळ, आणि त्याची चौकशी करायला हवी.

नितळ पाण्याची वेगळी भानगड असते. जुन्या पाइपांतून पाण्यात उतरणाऱ्या शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी डोळ्यांना दिसत नाही आणि क्लोरीनलाही दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. त्या दिवसांत तिथल्या एका केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला होता. गढूळपणाचे आकडे केंद्रात काम करणारे इतके जपतात, ते पाणी नुसतं दिसायला छान असावं म्हणून नव्हे. गाळणी नीट चालली नाही तर गाळाबरोबर आणखी काय काय निसटतं, हे त्यांना माहीत असतं.

टीडीएस मीटरबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बस्स. जंतू त्याला कळत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा फारसा हलेल असं नाही. शिशाची धोक्याची पातळी लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, ती या मीटरच्या गावीही नसते. ‘टीडीएस शंभर आहे, म्हणजे पाणी मस्त’ हे वाक्य ऐकलं की मी गप्प बसतो, कारण बोलून उपयोग होत नाही हे अनुभवाने कळलंय.

एकाच नळावरून निदान करणं

तांबूस पाणी आलं की दोष मुख्य लाइनचा, असं आपण धरून चालतो. आधी फिरून बघा. फक्त गरम पाणी तांबूस येत असेल तर गिझर संशयित. घरातल्या एकाच नळाला येत असेल तर त्या नळापर्यंतचा पाइप. टाकीवरच्या सगळ्या नळांना येतंय आणि थेट लाइनच्या नळाला येत नाही, तर टाकी. सकाळी पहिली दोन मिनिटं येऊन थांबत असेल तर इमारतीतला जुना जीआय पाइप, ज्याचा जस्ताचा थर केव्हाच संपलाय. शेजारच्या इमारतींनाही येत असेल तर मात्र मुख्य लाइन, आणि मग पहिला प्रश्न असा की आज जवळपास कुठे व्हॉल्व्ह फिरवला का, दुरुस्ती झाली का. व्हॉल्व्ह झपकन उघडला की पाण्याचा धक्का बसतो, वेग किंवा दिशा बदलते आणि वर्षानुवर्षं बसलेल्या गाठी सुटतात. जुना, जाणता व्हॉल्व्हमन चावी चार-चार आटे थांबत फिरवतो, त्यामागे हेच कारण असतं.

वासाचंही तसंच. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर ग्लास भरून दुसऱ्या खोलीत न्या आणि तिथे हुंगा. पुष्कळदा वास पाण्याला नसतो, सिंकच्या जाळीतून येत असतो.

क्लोरीनच्या वासाला भिणं

पाण्याला क्लोरीनचा हलका वास आला की तक्रार होते. तो वास एकदम नाहीसा झाला तर मात्र कुणीच तक्रार करत नाही, आणि काळजीची गोष्ट खरं तर तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार नळाशी पोहोचताना पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम मुक्त, म्हणजे अजून खर्च न झालेला, क्लोरीन शिल्लक असायला हवा. केंद्रातून पुरेसा निघूनही वाटेत तो संपतो: पाइपातल्या गाठींमध्ये, आतल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थरात, दिवसचे दिवस साचलेल्या टाकीत, लाइन जिथे संपते त्या टोकाला. नेहमी असणारा क्लोरीन एके दिवशी शून्यावर आला, तर कुठेतरी काहीतरी त्याला खातंय असं समजावं.

आकडा मोजणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो खरा लिहिणं. २००० सालच्या मे महिन्यात कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये विहिरीच्या पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू शिरला. सात माणसं गेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. चौकशीत उघड झालं की क्लोरीनचे आकडे बऱ्याचदा न मोजताच वहीत भरले जात होते.

जुन्या पाइपाला नवं पाणी देणं

ही चूक घरात होत नाही, व्यवस्था चालवणाऱ्यांकडून होते. तरी ती नागरिकांनीही समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पाइपाच्या आतल्या बाजूला क्षारांचा आणि ऑक्साइडचा थर बसलेला असतो. त्या थराचं आणि रोजच्या पाण्याचं वर्षानुवर्षांत जुळलेलं असतं. पाण्याचा स्रोत बदला, सामू (पीएच) बदला, जंतुनाशक बदला, की ते बिनसतं.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये सरोवराचं प्रक्रिया केलेलं पाणी घेणं थांबवून नदीचं पाणी सुरू केलं. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त होतं, म्हणजे ते पाइप जास्त खाणारं होतं. आधीच्या पाण्यात गंजरोधक म्हणून फॉस्फेट असायचं, ते नव्या पाण्यात घातलंच नाही. शिशाच्या पाइपांतला संरक्षक थर सुटला आणि शिसं नळाला आलं. ऑक्टोबर २०१४ मध्येच शहरातल्या एका मोटार इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं. घरांना मात्र पुढे वर्षभर तेच येत राहिलं. लोखंडाची तक्रार माणसांच्या तक्रारीआधी ऐकली गेली, एवढंच म्हणतो.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये तर हेतूही चांगला होता. २००० साली क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरायला सुरुवात केली, कारण त्याने काही घातक उपपदार्थ कमी होतात. पण तिथल्या शिशाच्या पाइपांतला थर जोरकस क्लोरीनमुळेच टिकून होता. क्लोरीन गेला आणि थर विरघळू लागला. शिशाचा पाइप अर्धाच बदलला तरी असंच होतं. कापताना कण सुटतात, आणि नवा तांब्याचा पाइप उरलेल्या शिशाला जोडला तर सांध्यापाशी गंज वाढतो. बदलायचा तर पूर्ण बदलावा.

उकळलं की सगळं गेलं, असं समजणं

जंतूंसाठी उकळणं पक्कं. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं, तर क्रिप्टोस्पोरिडियमसुद्धा मरतो. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. पण शिसं किंवा नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, म्हणजे त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. शिशाचा संशय असेल तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी गरम नळाचं पाणी घेऊ नये, कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. फिल्टर लावला असेल तर त्याचं कार्ट्रिज मुदतीत बदलावं. मुदत उलटलेल्या कार्ट्रिजमध्ये जिवाणूंची वसाहतच होते.

दुरुस्तीनंतर लगेच पाणी पिणं

लाइन फुटून जोडली असेल तर खड्ड्यातलं पाणी पाइपात गेलेलं असतं. लाइन जोरात वाहवून, क्लोरीन देऊन मगच चालू व्हायला हवी. घरी नळाच्या तोंडाची जाळी काढून थंड नळ काही मिनिटं सोडावा. जाळीत अडकलेला कचरा बघितला की ती परत न धुता लावायची इच्छा होत नाही.

टाकी घाण झाली असेल तर नुसती घासून भागत नाही. घासल्यावर पुन्हा भरावी. हजार लिटरच्या टाकीला सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी टाकीत ओतावी. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करावेत आणि रात्रभर तसंच ठेवावं. हे पाणी पिऊ नये, सकाळी सगळं सोडून द्यावं. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिचा जोर गेलेला असतो, मग हा हिशेब चुकतो.

प्रयोगशाळेत कुठलीही बाटली नेणं

जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. तिच्या तळाशी थोडी पावडर किंवा थेंबभर द्रव दिसेल. तो क्लोरीन मारण्यासाठी मुद्दाम घातलेला असतो. बाटली विसळली की तो जातो, आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहतो. अहवाल छान येतो आणि खोटा असतो. नळाची जाळी काढावी, तोंड पुसून निर्जंतुक करावं, पाणी थोडं वाहू द्यावं, मग बाटली भरावी आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. गटाराचं पाणी आत येतंय असा संशय असेल, तर मात्र आणखी एक बाटली पहिल्या पाण्याची घ्यावी आणि दोन्हींवर वेळ लिहावी.

शिशासाठी सगळं उलटं. जाळी काढायची नाही, पाणी आधी सोडायचं नाही. रात्रभर, निदान सहा तास, नळ बंद ठेवायचा आणि सकाळी घरात कुणीही पाणी वापरायच्या आत पहिलं एक लिटर भरून घ्यायचं. घरातल्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर पहाटे कुणीतरी संडासात पाणी सोडतं आणि नमुना वाया जातो.