युरेल पास घेतलात, जागा धरली का?

युरोपात रेल्वेने फिरायचं म्हणून बरेच जण युरेल पास घेतात, म्हणजे एकाच पासावर अनेक देशांच्या गाड्या. व्हिसाबद्दल जो तो सांगतो, म्हणून तिथे रेंगाळत नाही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा आणि विमा किमान 30,000 युरोंचा घ्यायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीसाठी मार्चपर्यंत वाट बघत बसू नका. मध्येच लंडन घालणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि तिथून परत फिरायला शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागतो. झालं.

आता मार्ग. आपल्याकडची कुटुंबं बहुधा पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली धरतात, मी तोच धरून लिहिते. कागदावर नुसती गावांची नावं लिहू नका. कोणत्याही दोन गावांमध्ये कोणती गाडी, किती वेळ लागतो आणि त्या गाडीला रिझर्व्हेशन सक्तीचं आहे का, असे तीन रकाने करा. तिसरा रकाना रिकामा ठेवून हॉटेलं बुक करायला घेऊ नका. गेल्या खेपेला आमचा तोच रिकामा राहिला होता आणि खिशात पास असताना पॅरिसहून निघायला पूर्ण भाड्याची तिकिटं काढावी लागली.

युरेल पासने प्रवासाचा हक्क मिळतो, जागा मिळत नाही. आपल्याकडे तिकिटावरच डबा आणि बर्थ छापून येतो, वेटिंग असेल तर तेही तिथेच कळतं, त्यामुळे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे डोक्यातच येत नाही. युरोपात पास विकणारा वेगळा आणि गाडी चालवणारी कंपनी वेगळी. फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही, लंडनला जाणाऱ्या युरोस्टार, पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या लिरिया, इटलीतल्या फ्रेच्चारोसा, झुरिकहून मिलानला जाणाऱ्या युरोसिटी, रात्रीच्या नाइटजेट, या सगळ्यांना रिझर्व्हेशन सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे पासात धरलेले नसतात. माणशी साधारण 10 युरोंपासून 30-35 युरोंपर्यंत वरून मोजावे लागतात. चार जणांचं कुटुंब आणि अशा चार गाड्या असतील तर बेरीज स्वतःच करून बघा. 4 ते 11 वर्षांच्या मुलांना मोठ्यांबरोबर पास फुकट मिळतो (तोही मागवावा लागतो, आपोआप येत नाही), पण रिझर्व्हेशन त्यांचंही काढावंच लागतं.

आणि पैसे द्यायची तयारी असली तरी जागा मिळेलच असं नाही, हे नीट लक्षात घ्या. युरोस्टार आणि लिरियासारख्या गाड्यांत पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की गाडीत खुर्च्या मोकळ्या दिसत असल्या तरी तुम्हाला पूर्ण भाडंच भरावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मार्ग, मग सक्तीच्या गाड्यांत पासवाल्यांच्या जागा शिल्लक आहेत का ते बघणं, मग रद्द करता येतील अशी हॉटेलं, मग व्हिसा. व्हिसा हातात पडला की त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी जागा धरा. स्टेशनवर गेल्यावर बघू, असं म्हणू नका. कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.

जागा नसतीलच तर वळसा घेता येतो, फक्त तो घरी बसून शोधून ठेवा. झुरिक ते मिलान थेट युरोसिटीऐवजी स्विस गाडीने सीमेवरच्या किआसोपर्यंत जायचं आणि तिथून मिलानची लोकल पकडायची. रिझर्व्हेशनचा प्रश्नच येत नाही. त्याहून सुंदर वाट सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला उतरते. बर्निना एक्स्प्रेस या काचेच्या छताच्या गाडीला रिझर्व्हेशन लागतं म्हणून लोक बेत सोडून देतात. सोडू नका. त्याच रुळांवरून साधी लाल गाडी दिवसभर जाते, तीही 2253 मीटरवरच्या ओस्पित्सियो बर्निनावरून, तिला पास पुरतो. तिरानोहून मिलानची गाडी कोमो सरोवराच्या काठाने जाते. मला विचाराल तर काचेच्या छतापेक्षा हीच बरी. पॅरिसहून बाहेर पडायला मात्र असा सोपा वळसा नाही. बर्सी स्टेशनवरून लिआँपर्यंतची साधी गाडी, मग पुढे जिनिव्हा, यात दिवस जातो. म्हणून पॅरिसहून सुटणाऱ्या गाडीची जागा सगळ्यांत आधी धरा. उलट जर्मनीतल्या वेगवान आयसीई, म्युनिक–झाल्झबुर्ग–व्हिएन्ना रेलजेट आणि स्वित्झर्लंडमधल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत नुसता पास चालतो.

आधी हिशेब मात्र करा. दोन-तीनच प्रवास असतील तर लवकर काढलेली सुटी तिकिटं पासापेक्षा स्वस्त पडू शकतात आणि त्यांत टीजीव्हीसारख्या गाडीची जागा धरलेलीच असते. आणखी एक: युरेल युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. जर्मनीत नोकरी करणारी भाची तुमच्याबरोबर फिरणार असेल तर तिला इंटररेल, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांचा असाच पास, काढायला सांगा. तो राहत्या देशात फक्त बाहेर पडायला आणि परत यायलाच चालतो.

पास मोबाइलवर येतो. रेल प्लॅनर ॲपमध्ये प्रत्येक गाडी चढण्याआधी पासात जोडावी लागते; चढल्यावर तिकीट तपासनिसासमोर जोडणं म्हणजे विनातिकीट प्रवास. हॉटेलच्या वायफायवर सकाळीच जोडा. पासावर मोजला जाणारा प्रवासाचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्र धरतात, आणि रात्रीच्या थेट गाडीला सुटण्याचा दिवसच धरतात. ॲपमध्ये गाडी जोडली म्हणजे जागा धरली, असं नाही. जागेचं कागद वेगळं येतं, वेगळा क्रमांक, वेगळा डबा. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.

प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात मार्ग चालू आहे का ते बघा. ऑगस्ट 2023 मध्ये फ्रान्सच्या मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि पॅरिस–मिलान थेट गाड्या मार्च 2025 अखेरपर्यंत बंद राहिल्या. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या गॉटहार्डच्या 57 किलोमीटरच्या बोगद्यात मालगाडी घसरली, तो सप्टेंबर 2024 मध्ये पूर्ण सुरू झाला. फ्रान्स आणि इटलीतले संपही बघा. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री सगळ्या युरोपाचं वेळापत्रक बदलतं, नाताळात जाणाऱ्यांनी जुन्यावर विसंबू नये.

स्टेशनं. पॅरिसला एक स्टेशन नाही: ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, लंडनसाठी गार द्यु नोर, जर्मनीच्या बहुतेक गाड्यांसाठी गार द लेस्त, स्वित्झर्लंड आणि मिलानसाठी गार द लिआँ. फलकावर फिरेन्झे दिसेल, फ्लॉरेन्स नाही. व्हेनिसला जाताना अलीकडच्या मेस्त्रे स्टेशनला उतरू नका, शेवटच्या सांता लुचियापर्यंत जा. काही गाड्या वाटेत तुटून दोन दिशांना जातात, तेव्हा डब्यावरचं गाव वाचूनच चढा.

सामान स्वतः उचलता येईल तेवढंच, हमाल नाहीत आणि गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. पेढे, तूप, पनीर नको, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपीय संघात बंदी आहे. पासपोर्ट अंगावर ठेवा, शेंगेन असलं तरी जर्मनीच्या सीमेवर गाडीत तपासतात. स्विस फ्रँक थोडे, कार्ड, चार्जर. इटलीत लोकलचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी यंत्रात त्यावर तारीख-वेळ छापून घ्या. दोन गाड्यांत तासाभराचं अंतर ठेवा.

आणि निघायच्या आदल्या रात्री तिसरा रकाना पुन्हा वाचा. सक्तीच्या प्रत्येक गाडीपुढे डबा आणि खुर्ची क्रमांक लिहिलेला हवा, मुलांचासुद्धा.