वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा भरती व्हावं लागू नये म्हणून

ही तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवा. घरी परतल्यावर तेवढा जोर अंगात नसतो. पहिल्या 30 दिवसांत पुन्हा भरती होणाऱ्यांत मळमळ, उलट्या आणि अंगातलं पाणी कमी होणं ही कारणं फार आढळतात, म्हणून पहिली सोय पाण्याची. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) असो वा बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडणं), नंतर घटाघट पाणी पिता येत नाही. औषधाचं मोजमापाचं झाकण जवळ ठेवा. दर 15 मिनिटांनी 25 मिलिलिटर, असे जागेपणीचे 15 तास धरले तर दीड लिटर होतं. मोबाइलवर गजर लावा आणि दिवसाचं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवा, म्हणजे किती राहिलं ते घरच्यांनाही दिसेल. लघवी कमी आणि गडद झाली, उठताना गरगरलं, तर उद्यावर ढकलू नका.

औषधांची यादी डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या. खाणं एकदम कमी झाल्यावर मधुमेहाची आणि रक्तदाबाची जुनी मात्रा जास्त ठरू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर पाणी आणखीच कमी करतात. घरातल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या बाजूला काढा. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होण्याचं ते एक मोठं कारण आहे, सिगारेट दुसरं. कोणती गोळी कुटून घ्यायची आणि कोणती नाही, हेही विचारा.

नाडी मोजायला आधीच शिका. शांत बसलेलं असताना ती मिनिटाला 120 च्या वर राहिली, तर ताप नसला तरी पोटाच्या आतल्या शिवणीतून गळती झाल्याची शंका घ्यावी लागते. पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणं, काळी शौच, एका पोटरीला सूज, अचानक धाप यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी निघायचं. ‘त्रास कशाला द्यायचा’ म्हणून थांबणारे पाहिले की जीव तुटतो.

एका कागदावर शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, सर्जनचा नंबर लिहून पाकिटात ठेवा. त्यावर ठळक अक्षरांत एक ओळ हवीच: ‘बरेच दिवस उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्यावं.’ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि तपासणारे डॉक्टर त्या रात्री नवे असू शकतात. गाडी कोण काढणार, तेही आजच ठरवा.