गोल गोठ्याचे फोटो काढायला जाताना

मॅसॅच्युसेट्समध्ये पिट्सफील्डजवळ हॅनकॉक शेकर व्हिलेज आहे. तिथला दगडी गोल गोठा शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८२६ साली बांधला, १८६४ च्या आगीनंतर पुन्हा उभा केला. १९६० मध्ये शेकर गाव सोडून गेले, गावाचं संग्रहालय झालं आणि १९६८ मध्ये गोठ्याची मोठी दुरुस्ती झाली. पुढची दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगी पडतील असे फोटो काढायचे, हे मनाशी धरूनच बॅग भरा.

ट्रायपॉड चालेल का, हे संग्रहालयाला आधीच विचारून ठेवा. आत उजेड वरच्या खिडक्यांतून येतो आणि खाली काळोख, त्यामुळे एकाच चौकटीचे कमी-जास्त उजेडाचे तीन-चार फोटो घ्यावे लागतात. आत जनावरं असतील तर फ्लॅश बॅगेतच राहू द्या.

गोठा चालायचा कसा, ते आधी समजून घ्या. उतारावर बांधल्यामुळे गवताची गाडी थेट वरच्या मजल्यावर जायची, गोल फिरत मधल्या गंजीत गवत टाकायची आणि ज्या दाराने आत गेली त्याच दाराने बाहेर यायची. बैलगाडी मागे रेटायची कटकट ज्याने पाहिली आहे, त्याला यातली सोय लगेच कळेल. खाली पन्नासेक गाई मध्याकडे तोंड करून बांधलेल्या, गवत समोरच. शेण झडपांतून तळघरात. गंजीच्या मधोमध हवा खेळायला उभी पोकळी, कारण ओलसर गवत आतल्या आत तापून पेट घेतं. यातलं प्रत्येक ठिकाण फोटोत यायलाच हवं.

लेन्स निवडताना मोह आवरा. फार रुंद कोनाची लेन्स लावली की गोल भिंत फुगलेली दिसते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तर खरोखर फुगलेली भिंतच ओळखायची असते. त्यापेक्षा बाहेरून पूर्ण फेरी मारा, दर दोन-तीन पावलांवर एक फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग. त्यातून भिंतीचा त्रिमितीय नमुना तयार करता येतो.

दगडांच्या सांध्यांसाठी सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन गाठा. तेव्हा चुना कुठे झिजलाय, कुठे भुसभुशीत झालाय ते सावलीतून उठून दिसतं. कुठे राखाडी, टणक सिमेंट भरलेलं आढळलं तर ते जवळून टिपा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही हेच होतं: सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारचा दगड सोलपटतो. भेगेजवळ मोजपट्टी धरा, नुसत्या फोटोवरून भेग केसाएवढी की बोटाएवढी ते कळत नाही. छपराची कड आणि पाणी जिथून ओघळतं त्या जागा विसरू नका.

खिशात वही, पेन्सिल आणि होकायंत्र हवंच. फोटो क्रमांक, दिशा, मजला तिथेच लिहा. गोल इमारतीत घरी आल्यावर कुठली भिंत कुठली ते आठवत नाही. त्याच रात्री फायलींना तारीख आणि दिशेसकट नावं द्या आणि मूळ फायलींची एक प्रत संग्रहालयाला पाठवा.