ठोका चुकला की नाडी धरू नका

ईसीजी, टूडी एको, २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र), थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आलं, की हृदयाचा ‘चुकलेला’ ठोका बहुधा एक्टोपिक असतो: एक ठोका लवकर पडतो, मग क्षणभर उसंत, पुढचा जोरात. धडकी भरते ती त्या पुढच्याने. मला फरक पडला तो मनगटी घड्याळाचे ठोक्यांचे अलर्ट बंद केल्यावर. श्वास ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, ५ मिनिटं. ठाणे लोकलच्या गर्दीतही जमतं. कटिंग दिवसाला दोनच (हेच सर्वांत अवघड).

गोळीचं डॉक्टरांशी बोलताना दमा असेल तर आधी सांगा, प्रोप्रानोलॉल (धडधड कमी करणारी गोळी) चालत नाही. ती रोजची असेल तर एकदम तोडूही नये. चिंतेवरच्या एस्सिटालोप्राम गोळीचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी वाढू शकते, तिथेच लोक सोडतात. शुद्ध हरपली किंवा चालताना छातीत दुखलं, तर मात्र थेट इस्पितळ.