ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रोम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन या दोन विमानतळांमधील अंतर नेहमीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवाकडे जाताना भूभाग फुगत जातो, त्यामुळे विषुववृत्तावरचे प्रमाण येथे लावल्यास उत्तर सुमारे साडेतीनपट येते.

त्याऐवजी अक्षांश-रेखांश घ्यावेत. ट्रोम्सो ६९°४१′ उत्तर, १८°५५′ पूर्व येथे आहे, तर लाँगइयरब्येन ७८°१५′ उत्तर, १५°२८′ पूर्व येथे. मिनिटांना (′ चिन्हाचे आकडे, म्हणजे अंशाचे साठावे भाग) ६० ने भागून दशांश करावेत. ४१′ म्हणजे ०.६८ अंश, ०.४१ नव्हे. ही चूक फार सहज होते, म्हणून आकडा लिहिताना एकदा थांबून पाहावे.

अक्षांशांतील फरक ८.५७ अंश येतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ५१४ सागरी मैल झाले. रेखांशांतील फरक ३.४५ अंश आहे, मात्र त्याला थेट ६० ने गुणता येत नाही, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात. दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाचा, म्हणजे ७४ अंशांचा, कोसाइन ०.२७६ आहे, ३.४५ ला ६० ने आणि मग या कोसाइनने गुणल्यावर पूर्व-पश्चिम अंतर अवघे ५७ सागरी मैल उरते. दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ५१७ सागरी मैल, म्हणजेच १.८५२ ने गुणून सुमारे ९५८ किलोमीटर मिळतात. कोसाइन विसरल्यास हेच उत्तर जवळजवळ ७० किलोमीटरने वाढते. रेखांशांतील फरक मोठा असेल, तर मात्र ही सोपी रीत पुरत नाही आणि बृहद्वृत्ताचे, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे, सूत्र वापरावे लागते.

जेट विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरल्यास हे अंतर ६९ मिनिटांत कापले जाते. वेळापत्रकातला वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून ते उतरून उभे राहीपर्यंतचा असतो, म्हणून धावपट्टीकडे जाणे, चढण आणि उतरण यांसाठी साधारण अर्धा तास मिळवून १ तास ४० मिनिटे धरणे मला योग्य वाटते. वाऱ्यानुसार जाण्या-येण्याच्या वेळेत थोडा फरक पडतो. दोन्हीकडे नॉर्वेचीच प्रमाणवेळ असल्याने घड्याळ बदलावे लागत नाही.

विमानतळावरचा वेळ वेगळा धरावा. स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर (आपसांतील सीमांवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे, त्यामुळे मुख्य भूमीवर पासपोर्ट तपासणी होते. शेंगेन व्हिसावर जाणाऱ्याला परतीसाठी पुन्हा प्रवेशाची मुभा लागते, म्हणून व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहून घ्यावे.