उंडीचं तेल आणि तिसऱ्यांचा चुना

एकशिपी खाऊन झाली की तिसऱ्यांच्या शिंपल्या परसात पडतात. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी त्याच गोळा केल्या, घासून वाळवल्या आणि मफल भट्टीत ९०० अंशांवर चार तास भाजल्या. १०० ग्रॅम शिंपल्यांतून साधारण ५६ ग्रॅम चुना उरतो, बाकीचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, तेल आणि मिथेनॉलपासून बायोडिझेल घडवणारा उत्प्रेरक आहे: क्रियेला वेग देतो, स्वतः खर्ची पडत नाही. घन असल्यामुळे गाळून पुन्हा वापरता येतो.

तेल घेतलं उंडीचं. आपल्या किनाऱ्याचंच झाड, तेल खायचं नाही, पूर्वी दिव्यात जाळायचे. पहिल्याच दिवशी फ्लास्कमध्ये सगळं दाट झालं, बायोडिझेलबरोबर तयार होणाऱ्या ग्लिसरॉलचा थर सुटेचना. साबण झाला होता. उंडीच्या तेलात मुक्त मेदाम्लं भरपूर असतात आणि चुना आधी त्यांच्याशीच भिडतो. दोन आठवडे गेले.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: उत्प्रेरक बनवायच्या आधी ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची काचेची नळी, हातात घ्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फ्थॅलिन, एक सकाळ. तेलाचा आम्लांक कळतो, म्हणजे एक ग्रॅम तेलातली आम्लं मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं ते. तो दोनच्या वर गेला तर चुन्याला हात लावू नका. आधी सल्फेटेड झिर्कोनियासारखा घन आम्ल उत्प्रेरक वापरून मेदाम्लांची मिथेनॉलशी क्रिया घडवून त्यांचे एस्टर, म्हणजे बायोडिझेलच, करा, त्यात सुटलेलं पाणी काढा, मग चुना. उत्प्रेरकाची स्फटिकरचना दाखवणाऱ्या क्ष-किरण आलेखाची घाई सगळ्यांनाच असते, पण तेल ओळखल्याशिवाय तो आलेख काही कामाचा नाही.

पावसाळ्यात आणखी जपावं लागतं. कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडा चुना ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पृष्ठभागावर पुन्हा कार्बोनेट चढतं आणि काम मंदावतं. भट्टीतून काढलेली मूस, म्हणजे भाजायचं भांडं, थेट डेसिकेटरमध्ये, हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा. शिळा वाटला तर पुन्हा भाजा.

मिथेनॉल साधारण ६५ अंशांना उकळतं, तेव्हा वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडणारा रिफ्लक्स कंडेन्सर लावा आणि काम धूर-कपाटातच, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच, करा. त्याची वाफ विषारी असते, पोटात गेलं तर डोळे जातात.

आणि गरम गाळणी चुकवू नका. क्रिया अर्ध्यावर असताना चुना गाळून काढायचा, उरलेला द्रव तसाच तापवत ठेवायचा. तेलाचं बायोडिझेलमधलं रूपांतर तिथेच थांबलं तर काम खरोखर घन चुन्याचं. माझ्याकडे ते थोडं पुढे सरकलं, म्हणजे काही कॅल्शियम विरघळलं होतं. तोच चुना पुन्हा वापरलेल्या पुढच्या फेऱ्यांत रूपांतर का घटतंय, त्याचा पहिला धागा मला तिथे सापडला.