पूरग्रस्त गावात मदतवाटप: कोणी सुटू नये म्हणून

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ६१ सांगतं की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. तरीही कृष्णा-पंचगंगेच्या काठी पूर ओसरला की ट्रक चावडीपाशी थांबतो आणि कडेच्या वस्त्यांपर्यंत निरोपच जात नाही. कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नसतं. गाडी कुठे लावली आणि यादी कुणी केली, यातच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

वाटपाच्या आदल्या दिवशी गाव पायी फिरा. सरपंचांची यादी घ्या, पण आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन ती तपासा. सुरुवात गावाच्या टोकापासून करायची: गायरानातली पालं, बौद्धवाडा, मातंगवस्ती, मळ्यातली घरं, भाड्याच्या खोल्यांतले परराज्यातले मजूर.

नोंद रेशनकार्डावर नको, चुलीवर करा. एका कार्डावर दोन भाऊ आणि विधवा भावजय असतात, चुली मात्र तीन. किट एकच दिलं तर भावजयीच्या वाट्याला काय येतं ते सांगायला नको. पालावरच्यांकडे कार्ड नसतं किंवा दुसऱ्या गावचं असतं; बाकीच्यांचे कागद पुरात गेलेले. वहीत कुटुंबप्रमुख, माणसं किती, तान्हं बाळ, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं कुणी, एवढंच लिहा. जातीचा रकाना नकोच. वस्तीचं नाव पडताळणीला पुरतं.

टोकन घरोघरी जाऊन द्या, वेळ घालून. शाळेचं पटांगण चांगलं. देवळाचं आवार किंवा कुणाचा वाडा नको, तिथे काहीजण पायरीच चढत नाहीत. ट्रकवरून पाकिटं फेकली तर तरणी पोरं झेलतात, म्हाताऱ्या बघत राहतात. खिळलेल्यांचं किट घरपोच करा, सॅनिटरी पॅड बाईच्या हातून द्या. फोटोसाठी कुणाला अडवू नका.

पाणी माणशी रोज किमान १५ लिटर धरतात, म्हणजे पाच जणांना ७५. घरात दोनच घागरी असल्या तर टँकर दाराशी येऊनही उपयोग नाही, म्हणून झाकणाचे कॅन आधी वाटा. टँकरचा पाइप स्वयंसेवकाच्याच हातात हवा. तो गावातल्या कुणाकडे गेला की ‘तुम्ही मागून भरा’ सुरू होतं.

शंभर किटांमागे दहा जादा ठेवा. संध्याकाळी वही वस्तीवार जुळवा: गावठाणात १२० पैकी १२० आणि गायरानात २२ पैकी ९ दिसले, तर जादा किटं घेऊन गाडी तिकडेच वळवा. तरीही कुणी राहिलं तर त्यांची दुसऱ्या दिवशी पोचवायची, टोकन क्रमांक तपासून.